शाफ्ट तुटला, दोष हाऊसिंगचा: एका हॉट रॉडच्या मागच्या अ‍ॅक्सलचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे. १९३१ ची म्हणायची ती फक्त पत्र्याच्या बॉडीपुरती. खाली चासी नव्या चौकोनी नळ्यांची, इंजिन शेव्हरोलेचं ३५० घनइंची (५.७ लिटर) व्ही-८, गिअरबॉक्स टर्बो-हायड्रामॅटिक ३५०, आणि मागे फोर्डचा ९ इंची अ‍ॅक्सल. मॉडेल ए कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात ४० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. आताचं इंजिन त्याच्या सात-आठ पट ताकदीचं आहे.

हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून केलेली गाडी, हा प्रकारच असा. १९३२ मध्ये फोर्डने ६५ अश्वशक्तीचा फ्लॅटहेड व्ही-८ स्वस्त गाडीत बसवला. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्डची मडगार्ड काढून, इंजिनं बदलून कोरड्या तळ्यांवर शर्यती लावायला लागली. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन शर्यतींसाठी संघटनाही काढली. आज हॉट रॉड बाळगणारे बरेच लोक निवृत्त आहेत आणि शर्यतीपेक्षा गाडी पुसण्यात त्यांचा जास्त वेळ जातो. पण गाडीच्या पोटातलं गणित तेव्हाचंच: एका गाडीचं इंजिन, दुसरीचा अ‍ॅक्सल, तिसरीची चासी, आणि हे सगळं एकमेकांना नीट बसेल की नाही याची जबाबदारी वेल्डिंग करणाऱ्याच्या डोळ्यावर आणि हातावर.

या गाडीचे मालक मूळचे सांगलीचे. मिशिगनमध्ये वाहन उद्योगात हयात घालवून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणतो. माझं काम गाडीच्या इंजिनापासून चाकापर्यंतच्या भागांच्या चाचण्यांचं, त्यामुळे काही मोडलं की फोन माझ्याकडे येतो. गाडी त्यांनी स्वतः बांधलेली नाही, तयार असलेली घेतली. आधीच्या मालकाने सगळी बिलं एका फाइलमध्ये लावून दिली होती. ती फाइल पुढे फार कामाला आली. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत.

९ इंची अ‍ॅक्सलबद्दल थोडं. फोर्डने तो १९५७ ते १९८६ या काळात गाड्या आणि पिकअपमध्ये वापरला. नाव पडलं ते क्राउन व्हीलच्या, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, साधारण ९ इंच व्यासावरून. क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) सगळा जुडगा दहा नट काढले की पुढून एकसंध बाहेर येतो, टेबलावर ठेवून काम करता येतं, आणि सुटे भाग आजही कुठेही मिळतात. म्हणून बऱ्याच हॉट रॉडच्या खाली वाकून बघा, हाच दिसेल. अडचण एवढीच की हा अ‍ॅक्सल मोठ्या गाडीतून काढला तर मॉडेल एच्या मानाने फार रुंद निघतो. मग हाऊसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) नळ्या कापून आखूड करायच्या, टोकाला बेअरिंगची घरं पुन्हा वेल्ड करायची आणि आतून चाकं फिरवणारे आखूड शाफ्ट घालायचे. इथेही तेच केलं होतं.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती म्हणजे हा अ‍ॅक्सल अर्ध-तरंगता आहे. आपल्याकडच्या ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल पूर्ण तरंगता असतो. रस्त्याच्या कडेला हबचे बोल्ट काढून क्लीनर आख्खा शाफ्ट बाहेर ओढतो आणि तरी चाक जागेवर उभं राहतं, कारण वजन हाऊसिंगवरच्या बेअरिंगांवर असतं आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. अर्ध-तरंगत्यात तसं नाही. तिथे शाफ्टच चाक फिरवतो आणि शाफ्टच गाडीचं वजनही पेलतो. म्हणजे त्याला पीळही पडतो आणि वाकही पडतो. या प्रकरणात सगळं त्या वाकाभोवती फिरतं, पण सुरुवातीला सगळे बोलत होते ते पिळाबद्दल.

काय घडलं

ऑगस्टचा तिसरा शनिवार, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. डेट्रॉईटच्या उत्तरेकडे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून भरणारी ही जुन्या गाड्यांची जत्रा. त्या दिवशी त्या रस्त्यावर चालणाऱ्यालाही गाडीच्या पुढे जाता येतं, इतकी वाहतूक तुंबलेली असते. काका अशाच रांगेत होते. सिग्नल सुटला, त्यांनी हलका पाय दिला आणि मागून डावीकडून खट् असा आवाज आला. पाठोपाठ नळीतून खडखड. गाडी पुढे सरकत होती, पण अडखळत. बाजूच्या गल्लीत घेऊन उतरून पाहिलं तर डावं मागचं चाक वरून आत कललेलं, आणि ड्रमच्या कडेने तेल ओघळायला लागलेलं.

पहिला निर्णय तिथेच, रस्त्यावर.

"अरे, चालतेय गाडी. हळूहळू घेऊन येतो घरी," काका फोनवर म्हणाले.

"काका, ती उजव्या चाकावर चालतेय. डावं नुसतं बेअरिंगवर लटकलंय. बंद करा आणि गाडी वाहून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा."

गाडी चालत होती हीच खरी पंचाईत. साधं डिफरन्शियल असतं तर तुटलेल्या बाजूने सगळी ताकद फुकट गेली असती आणि गाडी जागची हललीच नसती. या गाडीत क्लचच्या चकत्यांचं लिमिटेड स्लिप आहे, त्यामुळे थोडी ताकद उजव्या चाकाला मिळत राहिली. शाफ्ट तुटला होता तो बेअरिंगच्या आतल्या बाजूला. ९ इंचीत बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं, त्याच्यामागे एक रिंग दाबलेली असते, आणि बाहेरून चार बोल्टांची पट्टी बेअरिंगला हाऊसिंगच्या टोकात धरून ठेवते. म्हणून चाक निघून गेलं नाही. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट आत डिफरन्शियलमधल्या छोट्या सी-आकाराच्या क्लिपवर अडकवलेला असतो. तिथे शाफ्ट तुटला तर चाक, ड्रम आणि शाफ्टचा तुकडा असं सगळं गाडीची साथ सोडू शकतं. इथे ते टळलं. पण एकट्या बेअरिंगला चाक सरळ धरता येत नाही, त्यासाठी शाफ्टचं आतलं टोक डिफरन्शियलमध्ये टेकलेलं असावं लागतं. तो आधार गेला होता. काही मैल रेटलं असतं तर बेअरिंगच्या गोळ्या बाहेर आल्या असत्या.

गाडी चालवू नये याचं आणखी एक कारण होतं. तुटलेली दोन तोंडं एकमेकांवर घासत राहिली की का तुटलं हे सांगणाऱ्या खुणा पुसल्या जातात.

इथे एक सुरक्षेची गोष्ट नोंदवतो, कारण ती अनेकांना माहीत नसते. एका बाजूचा शाफ्ट तुटल्यावर गिअर 'पी'मध्ये टाकला तरी गाडी धरून राहील याचा भरवसा नाही. 'पी' प्रोपेलर शाफ्ट अडवतो, चाक नाही. एक बाजू मोकळी झाली की डिफरन्शियल त्या बाजूने फिरून दुसऱ्या चाकाला मोकळं सोडतं. लिमिटेड स्लिपमुळे थोडा अडसर राहतो, पण उतारावर त्याच्या जिवावर गाडी सोडायची नाही. त्यात या गाडीला हँडब्रेक नव्हता. दिसायला बरं दिसत नाही म्हणून बांधणाऱ्याने बसवलाच नव्हता. फ्लॅटबेड उतरता करून गाडी वर ओढताना चाकांमागे लाकडी ठोकळे धरून दोन माणसं उभी राहिली. चालकाने आधी मागची चाकं जमिनीवर ठेवून पुढून उचलून टोचन करून न्यायचं म्हटलं होतं. त्याला नको म्हटलं. डाव्या चाकाखाली प्लास्टिकची घसरपट्टी घालून ते न फिरवता वर ओढलं.

तुकडा बाहेर काढताना

गॅरेज काकांच्या ओळखीचं. तिथला म्हातारा फॅब्रिकेटर कसबी माणूस. चाक आणि ड्रम निघाले, फ्लँजच्या (चाक ज्यावर बसतं त्या शाफ्टच्या चकतीच्या) भोकातून सॉकेट घालून पट्टीचे चार नट काढले, आणि स्लाइड हॅमर न लावताच फ्लँज, बेअरिंग, रिंग असा शाफ्टचा बाहेरचा तुकडा हातात आला. आतला लांब तुकडा नळीतच होता. तो निघाल्याशिवाय डिफरन्शियलचा जुडगा पुढे येत नाही, कारण तुकडा त्यात अडकून नळीत पसरलेला असतो.

तुटलेलं तोंड नळीच्या टोकापासून हात घालण्याइतकं जवळ होतं. म्हाताऱ्याने वेल्डिंग मशीन ओढलं. त्याची नेहमीची पद्धत सोपी: तोंडावर एक जाड बोल्ट वेल्ड करायचा आणि धरून ओढायचं. दहा मिनिटांचं काम. पण तसं केलं असतं तर जे वाचायचं तेच जळून गेलं असतं. हा या प्रकरणातला दुसरा निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. मशीन बाजूला ठेवलं, नळीत बसेल असा पाइप घेतला, त्याच्या टोकाला जोरदार चुंबक लावलं आणि सोबत तारेचा फास टाकला. हिसके न देता तुकडा सरळ सरकत बाहेर आला.

सरळ सरकला ही सुद्धा माहिती होती. जोरकस पिळाने शाफ्ट तुटतो तेव्हा टोकाच्या २८ खाचा (ज्यांनी तो डिफरन्शियलच्या साइड गिअरमध्ये अडकतो) दोरीच्या वेटोळ्यासारख्या मुरगळलेल्या दिसतात आणि शाफ्ट साइड गिअरमधून सहजासहजी सुटत नाही. इथे खाचा एका रेषेत होत्या. त्यांच्या बगला मात्र झिजून चकाकत होत्या, आणि तेही लांबीच्या एकाच भागात.

दोन्ही तोंडं रॉकेलमध्ये मऊ ब्रशने धुतली. वायर ब्रश नाही, एमरी नाही. दोन तुकडे जुळतात का बघायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरायचा, कारण एकदा तोंडाला तोंड लावलं की बारीक कडा चेपतात.

तुटलेल्या तोंडाने काय सांगितलं

आधीच्या मालकाची ख्याती टायर जाळण्याची. त्यामुळे गॅरेजमध्ये जमलेल्या सगळ्यांचा निकाल आधीच लागलेला होता: बर्नआउट करून करून शाफ्ट खिळखिळा केला, २८ खाचांचा बारीक शाफ्ट व्ही-८ पुढे कसा टिकणार.

तोंड वेगळंच सांगत होतं. व्यासाच्या जवळजवळ चार-पंचमांश भाग गुळगुळीत आणि काळपट, त्यावर एकामागे एक उमटलेल्या वक्र रेषा. भेग थोडी पुढे सरकून थांबली, पुन्हा सरकली, पुन्हा थांबली, अशा तिच्या मुक्कामाच्या त्या खुणा. कडेला तेलाखाली जुना तपकिरी गंज. म्हणजे भेग आजची नव्हती, बऱ्याच दिवसांची होती. उरलेला छोटा भाग खरबरीत, ताजा, राखाडी. शेवटी तुटला तो एवढाच.

या छोट्या भागाला महत्त्व आहे. भार मोठा असेल तर थोडी भेग गेली तरी उरलेला मोठा भाग एकदम तुटतो. उरलेला भाग इतका लहान होईपर्यंत शाफ्टने तग धरला, याचा अर्थ रोजचा भार माफक होता. बर्नआउटचा नव्हता.

शिवाय भेग एका जागी सुरू झालेली नव्हती. परिघावर चार-पाच ठिकाणी सुरुवात होती आणि त्या शेजारच्या भेगा जिथे एकत्र आल्या तिथे छोट्या पायऱ्या दिसत होत्या. नुसत्या पिळाने थकून तुटलेला शाफ्ट बहुधा ४५ अंशांच्या तिरक्या पृष्ठावर तुटतो. हा आडवा, सपाट तुटला होता, रिंग जिथे संपते त्या कडेशी. फिरता फिरता वाकणाऱ्या शाफ्टची ही सही आहे.

आकडे मांडून पाहिले. गाडीचं वजन सुमारे ११०० किलो, मागच्या प्रत्येक चाकावर साधारण ३००. टायर २७५/६०आर१५, व्यास ७११ मिमी, म्हणजे एका किलोमीटरला जवळपास ४५० फेरे. चाकं खोल बशीची, १० इंच रुंद, बाहेर काढलेली, त्यामुळे टायरचा मध्य बेअरिंगच्या मध्यापासून साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास बाहेर. दर फेऱ्याला शाफ्टचा वरचा भाग दाबला जातो, अर्ध्या फेऱ्यानंतर तोच भाग खाली जाऊन ताणला जातो. दहा हजार किलोमीटरमध्ये हे ४५ लाख वेळा होतं. पोलाद एका मर्यादेखालचा असा वाक कितीही वेळा सोसू शकतं. पण दाबून बसवलेल्या रिंगच्या कडेशी दोन धातू सूक्ष्म घसटत असतील आणि तिथे गंज असेल तर ती मर्यादा कुठल्या कुठे खाली येते.

पिळाचा हिशेबही केला, कारण वाद मिटवायचा होता. या वजनाच्या गाडीचे टायर घसरायला लागण्याआधी एका शाफ्टवर साधारण १२०० न्यूटन-मीटर पीळ येतो. त्यापुढे टायरच सुटतो, इंजिन कितीही मोठं असो. १.२ इंच व्यासाच्या शाफ्टमध्ये त्याने सुमारे २१५ मेगापास्कल ताण पडतो. पृष्ठभाग कडक केलेल्या चांगल्या शाफ्टची सहनशक्ती याच्या दुपटीहून जास्त असते. हलक्या गाडीचा हा फायदा लोक विसरतात. तीच इंजिन-गिअरबॉक्सची जोडी दोन टनांच्या गाडीत असती तर बोलणं वेगळं झालं असतं.

मग वाक इतका का? रुंद चाकं उजवीकडेही होती. उजवा शाफ्ट काढून भेगा दाखवणारा रंग लावून पाहिला. त्यात भेग नव्हती.

हाऊसिंगकडे मोर्चा

काकांनी बिलांची फाइल उघडली ती इथे. आधीच्या मालकाने डाव्या बाजूचं ऑइल सील बदललं होतं, मग बेअरिंग, मग पुन्हा सील. उजव्या बाजूचं एकही बिल नाही. आणि डावा मागचा टायर बाहेरच्या कडेने जास्त झिजलेला होता, हे काकांना आधीच माहीत होतं. त्यांनी तो हवेच्या दाबाचा दोष धरला होता. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात. एकच कड झिजली तर चाक तिरकं आहे.

हाऊसिंग सरळ आहे का हे बघायची रीत जुनी आणि खात्रीची. डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या जागी आणि दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या घरांत मधे भोक असलेल्या मापाच्या चकत्या बसवायच्या आणि त्यांतून घासून सरळ केलेली लांब पोलादी सळई आरपार घालायची. सगळं एका रेषेत असेल तर सळई हाताने सरकते. उजवीकडून ती डिफरन्शियलपर्यंत लोण्यातून जावी तशी गेली. डाव्या टोकाच्या चकतीला येऊन अडली. टोक पुढच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर सरकलेलं होतं.

कारण शोधायला वाकून बघणं पुरलं. मागचा अ‍ॅक्सल चार दांड्यांवर धरलेला आहे आणि आडवा हलू नये म्हणून एक पॅनहार्ड दांडी आहे. चारही दांड्यांचे ब्रॅकेट नळीच्या पुढच्या अंगाला; पॅनहार्डचं जाडजूड ब्रॅकेट डावीकडे, तेही पुढच्याच अंगाला, वरपासून खालपर्यंत भरगच्च वेल्ड केलेलं. वेल्ड निवताना आकसतं. नळीच्या एका अंगाला वेल्ड आकसलं की नळी त्या अंगाकडे वळते. डावं टोक पुढे गेलं, बेअरिंगचं घर तिरकं झालं, चाकाचं तोंड आत वळलं, टायरची बाहेरची कड झिजली, सील एका बाजूने चेपलं, खाचा एकाच भागात घासल्या. सगळ्या तक्रारी एकाच वेल्डपाशी आल्या.

पर्याय

पहिला पर्याय: तसाच २८ खाचांचा नवा शाफ्ट घालायचा. स्वस्त, आणि हिवाळ्याआधी गाडी रस्त्यावर. हा तिथेच बाद झाला.

दुसरा पर्याय सगळ्यांचा लाडका: ३१ खाचांचे जाड शाफ्ट. व्यास १.३३ इंच, पिळाची ताकद जवळपास एक-तृतीयांशाने जास्त. त्यासाठी डिफरन्शियलही ३१ खाचांचं लागतं. सुटे भाग विकणाऱ्याने फोनवर हेच सुचवलं. काकांनाही पटलं होतं, कारण "मजबूत" या शब्दाला नाही म्हणायला जड जातं. पण ताकद वाढणार होती ती पिळाची, जिथे कमतरता नव्हती. उलट जाड शाफ्ट ताठ असतो. वाकड्या हाऊसिंगमध्ये ताठ शाफ्ट घातला की तो वाकायचं नाकारतो आणि तेवढा जास्त भार बेअरिंगवर टाकतो. शाफ्ट कदाचित वाचला असता, बेअरिंग मात्र खाल्लं असतं.

तिसरा: पूर्ण नवं हाऊसिंग मापाप्रमाणे करून घ्यायचं. स्वच्छ उपाय. पण सगळे ब्रॅकेट नव्याने वेल्ड करायचे, म्हणजे ज्या कारणाने हे झालं तेच काम पुन्हा, शिवाय खर्च मोठा आणि वाट पाहायची.

चौथा: आहे तेच हाऊसिंग सरळ करून टोकं कापायची आणि नवी टोकं सळईवर धरून वेल्ड करायची.

पूर्ण तरंगत्या अ‍ॅक्सलचाही विषय निघाला. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सुरक्षित तोच. पण हबचा फुगवटा त्या चाकांच्या मधून बाहेर डोकावला असता आणि काकांनी तो विषय वाढूच दिला नाही. एकाने जुन्या फोर्डचा 'बँजो' अ‍ॅक्सल सुचवला, काळाला शोभेल म्हणून. शोभला असता खरा. पण त्याचा शाफ्ट टोकाला निमुळता असतो आणि हब त्यावर चावीच्या खाचेसह नटाने आवळून बसवतात. पकड त्या निमुळतेपणाची. नट जरा सैल राहिला की सगळा जोर चावीवर येतो आणि भेग खाचेच्या कोपऱ्यातून सुरू होते. वाकाचं दुखणं सोडून खाचेचं दुखणं घरात कशाला आणायचं.

काय ठरलं, काय केलं

चौथा पर्याय घेतला, एका बदलासह. नवी टोकं आधीच्यासारखी छोट्या बेअरिंगची न घेता मोठ्या बेअरिंगची घेतली. छोट्या बेअरिंगखाली शाफ्टचा व्यास १.३७८ इंच म्हणजे ३५ मिमी असतो, मोठ्याखाली १.५६२ इंच, जवळपास ४० मिमी. वाकाचा ताण व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, त्यामुळे तोच भार असताना तिथला ताण सुमारे एक-तृतीयांशाने उतरतो. शाफ्ट मापाने बनवून घ्यायचेच होते. आतलं टोक २८ खाचांचं ठेवून बेअरिंगची जागा जाड करून मागितली. जाडी हवी होती ती बाहेरच्या टोकाला. क्लबातल्या मंडळींना २८ खाचा पुन्हा घातल्याचं अजून पटलेलं नाही.

हाऊसिंग सरळ करायला म्हाताऱ्याने आकसण्याचाच उपयोग केला. डाव्या नळीच्या मागच्या अंगाला, ब्रॅकेटच्या बरोबर विरुद्ध, टॉर्चने एक अरुंद पट्टा लालबुंद केला आणि निवू दिला. निवताना मागचं अंग आकसलं, टोक मागे आलं. घाई करून पाणी मारायचं नाही. निवाल्यावर सळई घालून बघायची, मग पुढचा पट्टा. बघत बसण्यासारखं काम होतं. नळी हातोड्याने हलली नसती ती आगीने आपसूक हलत होती.

मग टोकं कापली, नवी टोकं सळईवर चढवली आणि समोरासमोर छोटे टाके देत, मध्ये थांबत वेल्ड पुरं केलं. सगळं थंड झाल्यावर पुन्हा सळई घातली. दोन्हीकडून हाताने गेली.

डिफरन्शियल उघडून धुतलं, क्लचच्या चकत्या तपासल्या, डाव्या बाजूचा साइड गिअर खाचा झिजल्यामुळे बदलला. तेल लिमिटेड स्लिपचं पूरक द्रव्य घालून भरलं. बेअरिंग आणि रिंग प्रेसवर वेगवेगळ्या दाबल्या. रिंगवर दाब देऊन दोन्ही एकदम सरकवली तर तो दाब बेअरिंगमधून जातो आणि ते नवं असतानाच जखमी होतं. शाफ्ट दोन्ही बाजूंचे बदलले. उजवा निर्दोष होता, पण टोकाचं माप बदलल्यावर तो बसणारच नव्हता. नाहीतर तो ठेवावा असं माझं मत होतं.

वाद राहिला तो चाकांचा. वाक कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कमी बाहेर काढलेली चाकं. या गाडीला मागे मडगार्ड नाहीत, तेव्हा हाऊसिंग थोडं रुंद ठेवून टायर आहे त्याच जागी आणता आला असता. काका म्हणाले, "ती खोल बशी दिसली नाही तर गाडी घेऊन काय करायची?" चाकं राहिली. मोठ्या बेअरिंगचा आग्रह मी धरला तो यामुळेच.

निष्पत्ती

पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा वुडवर्डवर होती. डावं सील कोरडं आहे. डाव्या टायरची झीज आता दोन्ही कडांना सारखी पडते, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागायचं तेही गेलं. हे शेवटचं काकांनी गाडी घेतल्यापासून हॉट रॉडचा स्वभाव समजून सोडून दिलं होतं. सीझन संपल्यावर डावा शाफ्ट बाहेर काढून रिंगच्या कडेशी भेगेचा रंग लावून पाहिला; काही निघालं नाही. रुंद चाकं आहेत तोवर ही तपासणी दरवर्षी करायची ठरली आहे. हँडब्रेक बसला.

वेगळं काय करता आलं असतं

वेल्डिंगचा क्रम उलटा असता तर प्रकरण घडलंच नसतं. आधी सगळे ब्रॅकेट, मग हाऊसिंग सरळ करणं, आणि टोकं सगळ्यात शेवटी. बांधणाऱ्या दुकानाने टोकं सळईवर धरूनच लावली होती, असं बिलावरून दिसतं. ब्रॅकेट नंतर लागले आणि त्यानंतर सळई पुन्हा कोणी घातली नाही. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची ठरावीक मुदतीने होणारी सुरक्षा तपासणी नाही, त्यामुळे दुकानातून बाहेर पडलेलं वेल्ड दुसरं कोणी बघत नाही.

दुसरी संधी त्या बिलांच्या फाइलमध्ये होती. एकाच बाजूचं सील पुन्हा गेलं की सील बदलून भागत नाही, शाफ्ट बाहेर काढून बेअरिंगची जागा आणि रिंगची कड बघायला हवी. दुसऱ्यांदा सील बदलणाऱ्याच्या हातात शाफ्ट होताच. भेग तेव्हा असेल किंवा नसेल; खाचांची एकांगी झीज मात्र नक्की दिसली असती.

गाडी घेताना चारी टायर गुडघ्यावर बसून पाहिले असते तर डाव्या कडेची झीज भाव करायला तरी उपयोगी पडली असती. जुन्या जीपला मोठं इंजिन आणि बाहेर काढलेली रुंद चाकं लावणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. तिथेही अर्ध-तरंगता अ‍ॅक्सल असेल तर हेच गणित आहे. चाक एक इंच बाहेर काढलं की या गाडीच्या मापाने वाक पाचव्या हिश्शाने वाढतो, आणि तो इंजिनाच्या ताकदीवर अवलंबून नसतो. गाडी हळू चालवली तरी फेरे मोजलेच जातात.

रस्त्यावरच्या निर्णयाबद्दल मात्र मला अजून दोन मतं आहेत. मोठ्या रस्त्यावरून गाडी गल्लीत घेतली, तेवढे काही मीटर तुटलेल्या शाफ्टवर चालवलं. तोंडाच्या खरबरीत भागावर एक घासलेली कड होती, ती त्यानेच पडली असणार. दुसरीकडे, वुडवर्डच्या भर रांगेत उभं राहणंही शहाणपणाचं नव्हतं.

काकांना आता मागे डिस्क ब्रेक हवे आहेत. कॅलिपरचं ब्रॅकेट टोकाच्या फ्लँजला बोल्टने बसणारं मिळतं, आणि नळीवर वेल्ड करायचंही मिळतं. बोल्टचं घ्यायचं ठरलंय.